यादी कोणाकडे राहते? ऑनलाइन आधारगटांच्या नियमांमागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९८३ मध्ये यूझनेट या संगणकजाळ्यावर समलिंगी व्यक्तींसाठी एक चर्चागट सुरू झाला. स्टीव्ह डायर यांनी सुरू केलेल्या या गटाचे नाव होते 'नेट.मॉट्स'. 'मेंबर्स ऑफ द सेम सेक्स' या शब्दांची ही आद्याक्षरे. नाव मुद्दामच असे, चटकन अर्थ न लागणारे ठेवले होते. यूझनेटचा मजकूर तेव्हा विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या संगणकांवरून पुढे जात असे, आणि गटांची यादी चाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या डोळ्यांत हे नाव खुपू नये अशी काळजी त्यामागे होती. गटाचे नाव झाकले गेले, पण लिहिणाऱ्याचे झाकले जात नव्हते. संदेशाच्या माथ्यावर त्याचा पत्ता असे, आणि तो बहुधा नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या ठिकाणचाच असे.

उपेक्षित माणसांना आधार देणारा समूह उभारायचा म्हटले की आपण आधी दार सर्वांना उघडे ठेवण्याचा विचार करतो. या क्षेत्राचा इतिहास मात्र पुन्हा पुन्हा दुसऱ्याच प्रश्नावर आणून सोडतो. आत आलेल्याची कोणती माहिती कोणाच्या हातात राहते, आणि त्याला इजा झाली तर जबाबदारी कोण घेते?

दार बंद ठेवण्याचा प्रयोगही लवकरच झाला. १९८७ मध्ये अनिता बोर्ग यांनी संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांसाठी 'सिस्टर्स' ही ईमेल यादी सुरू केली. सुरुवात जेमतेम डझनभर जणींपासून झाली. प्रवेश फक्त स्त्रियांना आणि आतले बोलणे बाहेर न्यायचे नाही, असा तिथला शिरस्ता. यावर भेदभावाचा आक्षेपही आला. आमच्या मते तो गैरलागू आहे. सर्वत्र अल्पसंख्य असलेल्यांना एक खोली तरी अशी लागते जिथे आपले असणे आधी सिद्ध करावे लागत नाही.

नाव झाकण्याची खरी सोय मिळाली ती फिनलंडमधून. १९९३ मध्ये योहान हेल्सिंगियस यांनी 'अनॉन.पेनेट.फी' नावाची निनावी टपालसेवा चालू केली. तुमचा संदेश तिथे गेला की मूळ पत्ता काढला जाई, त्या जागी 'एएन' अक्षरांपुढे एक क्रमांक लागे, आणि त्या क्रमांकावर आलेले उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचे. लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांच्या गटात अनेकांनी याच आडोशाने पहिल्यांदा तोंड उघडले. पण उत्तर परत पोहोचवायचे तर कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी सर्व्हरवर ठेवणे भाग होते. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या धर्मसंघटनेच्या तक्रारीवरून फिनलंडच्या पोलिसांनी एका वापरकर्त्याचा पत्ता मागितला आणि तो द्यावा लागला. ऑगस्ट १९९६ मध्ये हेल्सिंगियस यांनी सेवाच बंद केली. त्यांच्या सचोटीत काही कमी नव्हते. यादी अस्तित्वात होती, म्हणून ती मागता आली.

म्हणून आधारगटाच्या प्रवेशअर्जात दोन-तीनच प्रश्न असावेत: कोणत्या नावाने हाक मारायची, इथे कशासाठी यायचे आहे, नियम वाचले का. ओळखपत्राची प्रत मागवू नये. पडताळणी करावीच लागली तर 'झाली' एवढीच नोंद ठेवून कागद त्याच दिवशी नष्ट करावा. आयपी पत्त्यांच्या, म्हणजे इंटरनेटवर संगणक ओळखणाऱ्या क्रमांकांच्या, नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था आधीच लावावी. हे काम नंतरवर टाकले की राहूनच जाते.

जबाबदारीचा धडा 'लॅम्डामू'ने दिला. शब्दांतून उभे राहिलेले हे आभासी घर, जिथे सभासद आपापल्या पात्राच्या रूपाने वावरत, १९९० पासून झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातून चालत होते. डिसेंबर १९९२ मध्ये त्याचे निर्माते पावेल कर्टिस यांनी जाहीर केले की चालकमंडळी फक्त तांत्रिक कामे पाहतील, सभासदांमधली भांडणे सभासदांनीच मिटवावीत. काही महिन्यांतच 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एक छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावावर लैंगिक हिंसेची वर्णने भर बैठकीच्या खोलीत लिहिली. पडद्यावर ती कृत्ये जणू ती पात्रे स्वतःच करत आहेत अशी दिसत होती. मोठी सभा भरली, खूप बोलणे झाले, निर्णय काहीच झाला नाही. शेवटी एका चालकाने एकट्याने, कोणाला न विचारता ते खाते उडवले. पुढे कर्टिस यांनी सभासदांनी अर्जातून प्रस्ताव मांडायचे आणि त्यांवर मतदान घ्यायचे, अशी पद्धत आणली. तो माणूस मात्र नव्या नावाने परतला.

यातली प्रत्येक चूक आजही जशीच्या तशी होते. नियम लिहिलेला नसला की पीडितेलाच सर्वांसमोर आपली बाजू मांडावी लागते. म्हणून तक्रार खासगीत, किमान दोन नियंत्रकांकडे जावी, चोवीस तासांत पोच मिळावी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या मित्राने निर्णयात बसू नये. कोणतीही कारवाई करण्याआधी मूळ मजकूर, वेळ आणि खात्याचे नाव जपून ठेवावे. घाईने खाते उडवले की पुरावाही जातो. परत येणाऱ्याला पूर्ण अडवता येत नाही, पण नव्या सभासदाचे पहिले पाच संदेश तपासून सोडले आणि पहिला आठवडा त्याला इतरांना थेट खासगी संदेश पाठवता आले नाहीत, तर बरेच नुकसान टळते.

पुढच्या दोन दशकांत मोठ्या कंपन्यांनी नेमकी उलटी वाट धरली. २०११ मध्ये आलेल्या गूगल प्लस या समाजमाध्यमाने खऱ्या नावाची सक्ती केली; ती जुलै २०१४ मध्ये मागे घेतली गेली. त्याच वर्षी फेसबुकवर ड्रॅग कलाकारांची, म्हणजे बहुधा स्त्रीवेशात रंगमंचनावाने कार्यक्रम करणाऱ्यांची, खाती 'नाव खोटे' या तक्रारींवरून बंद झाली आणि १ ऑक्टोबरला कंपनीला माफी मागावी लागली. खऱ्या नावाने लोक सभ्य वागतात, हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात तक्रारीचे बटण द्वेष करणाऱ्याच्या हाती गेले, आणि कागदपत्रे दाखवण्याची पाळी पारलिंगी व्यक्ती, जुन्या जोडीदारापासून लपून राहणाऱ्या स्त्रिया अशांवर आली.

अपंगत्व असलेल्यांसाठी अडथळा नावाआधीच लागतो. मे १९९९ मध्ये वेब सुलभतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली, एकूण चौदा. तरी समोर माणूस आहे की यंत्र हे ठरवण्यासाठी फक्त चित्र ओळखायला लावणारी कोडी नोंदणीच्या पानावर येत राहिली आणि दृष्टिहीन माणूस तिथेच अडकला. चित्रांना वर्णन, ध्वनिफितीला लिखित मजकूर, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक, आणि माऊसशिवाय सगळे कीबोर्डवरून वापरता येणे: एवढे गट उघडण्याआधी तपासावे.

आणि जुना मजकूर. यूझनेटवरचे संदेश बहुतेक सर्व्हरवरून काही आठवड्यांत पुसले जात. लिहिणारे त्याच भरवशावर लिहीत. २००१ मध्ये गूगलने यूझनेटचे संदेश साठवणाऱ्या डेजा न्यूज या सेवेचा संग्रह विकत घेतला आणि वर्षअखेर वीस वर्षांचे संदेश शोधण्याजोगे केले. नेट.मॉट्सवर कामाच्या पत्त्यावरून लिहिलेली वाक्ये आता नावानिशी सापडू लागली. याच्या उलट, याहू ग्रुप्स ही ऑनलाइन गटांची सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली, तोवर अनेक आधारगटांचा वर्षानुवर्षांचा ठेवा पुसला गेला होता. त्यामुळे संग्रह किती काळ राहील, तो शोधयंत्रांना दिसेल का, सभासद गेला की त्याचे लेखन जाईल का आणि गट बंद करताना किती दिवस आधी कळवले जाईल, ही चार उत्तरे पहिला सभासद येण्याआधी लिहून ठेवावीत. नंतर नियम बदलला, तर जुन्या मजकुराला तो लावण्याआधी ज्याने जे लिहिले त्यासाठी त्याची संमती घ्यावी. ती मिळाली नाही, तर तो मजकूर जुन्याच नियमाखाली राहू द्यावा.