पाट्या टाकणारा मेंदू

जुलै २०२२ मध्ये टिकटॉकवरच्या एका छोट्याशा व्हिडिओनं 'क्वाएट क्विटिंग' हा शब्दप्रयोग जगभर पोचवला. राजीनामा द्यायचा नाही, पण नेमून दिलेल्या कामापलीकडे बोटही उचलायचं नाही. त्यावर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, नवी पिढी आळशी आहे. दुसरा म्हणे, ठरलेल्या पगारात ठरलेलं काम, यात आळस कुठे आला? मला दुसऱ्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. पण दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालले होते, ती ही की माणूस कामातून अंग काढून घेतो तेव्हा तो ठरवूनच काढून घेतो.

काही जण ठरवून करतात हे खरंच. पण तो सरळ हिशेब झाला, त्यात कोडं नाही. कोडं आहे ते वेगळ्या माणसाचं. हा पूर्वी हौसेनं काम करायचा, चार गोष्टी सुचवायचा, चूक दिसली की बोलून दाखवायचा. हळूहळू मीटिंगमध्ये गप्प बसू लागतो. मग उशिरा येणं, मग रजा, आणि जागेवर असतो तेव्हाही नुसत्या पाट्या टाकणं. काय झालं विचारलं तर त्यालाही धड सांगता येत नाही. पगार घटलेला नसतो, काम वाढलेलं नसतं, कुणाशी भांडणही नसतं.

यावर सगळ्यांच्या ओठांवर असलेलं उत्तर म्हणजे 'तो खूश नाही'. खूश माणूस जास्त काम करतो, तेव्हा त्याला खूश करा. हे तपासून झालेलं आहे. २००१ मध्ये तीनशेहून अधिक नमुन्यांची आकडेवारी एकत्र करून कामातलं समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध काढला गेला, तो आला साधारण ०.३०. शाळेतलं संख्याशास्त्र आठवत असेल तर याचा वर्ग करा: ०.०९. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातल्या जेमतेम नऊ टक्क्यांचा धागा समाधानाशी जुळतो. हा आकडा शून्य नाही, पण ज्यावर सगळी इमारत उभी करावी असाही नाही. समाधानी आणि निवांत, असमाधानी पण झपाटून काम करणारी, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात.

मग आणखी काय? माझ्या मते या प्रश्नाचा सगळ्यात रंजक धागा कुठल्याही ऑफिसात नव्हे, तर उंदरांच्या मेंदूच्या खोडात सापडतो.

सुरुवात १९६७ ची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो वाचताना अंगावर काटा येतो, पण मांडणी कमालीची चोख होती. पहिल्या गटातल्या कुत्र्याला विजेचा झटका बसायचा, आणि डोक्यानं एक फळी दाबली की थांबायचा. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला नेमके तेवढेच, तितकाच वेळ झटके बसायचे, पण त्यानं काहीही केलं तरी ते थांबायचे नाहीत. तिसऱ्या गटाला झटके नाहीतच. दुसऱ्या दिवशी तिघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली की सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातले कुत्रे हे चटकन शिकले. दुसऱ्या गटातले बहुतेक जागीच बसून झटके सोसत राहिले. अडसर समोर होता, उडी मारायची ताकद होती, पण प्रयत्नच नव्हता.

वेदना पहिल्या आणि दुसऱ्या गटाला सारखीच झाली होती. फरक फक्त 'माझ्या करण्यानं काही बदलतं का' एवढाच. या अवस्थेला नाव मिळालं शिकलेली असहायता. स्पष्टीकरणही नावातच होतं: आपल्या हातात काही नाही, हे प्राणी शिकतो आणि मग प्रयत्न सोडतो. पुढची कित्येक वर्षं मानसशास्त्राच्या पुस्तकांनी हेच शिकवलं.

मायर मात्र नंतर मेंदूविज्ञानाकडे वळले. त्यांच्या प्रयोगशाळेत आता कुत्र्यांऐवजी उंदीर होते आणि फळीऐवजी पुढच्या पायांनी फिरवायचं छोटं चाक. दोन उंदीर एकाच विद्युतमंडलाला जोडलेले, त्यामुळे शेपटीला बसणारे झटके सेकंदापर्यंत सारखे. एकानं चाक फिरवलं की दोघांचाही झटका थांबायचा. दुसऱ्याच्या चाकाला काही अर्थ नव्हता.

दोघांच्या मेंदूंत फरक दिसला तो एका चिमुकल्या जागी. मेंदूच्या खोडात डॉर्सल राफे न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका असतो, त्याला आपण नुसतं राफे म्हणू. तिथल्या पेशी सेरोटोनिन हे रसायन लांबलांबच्या भागांत सोडतात. मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाकडे ते गेलं की भीती आणि अस्वस्थता वाढते. पळण्याची किंवा प्रतिकाराची हालचाल घडवणाऱ्या भागांकडे गेलं की ती हालचाल दाबली जाते. म्हणजे एकाच वेळी घाबरणं आणि गोठणं. चाक निकामी असलेल्या उंदराचा राफे जोरात पेटलेला असायचा. चाक चालणाऱ्या उंदराचा मात्र शांत व्हायचा.

इथे जरा थांबून एक कंडी फोडायला हवी. सेरोटोनिन म्हणजे 'आनंदाचं रसायन', ते वाढवा आणि कामाला उत्साहानं भिडा, असं सांगणारे लेख, गोळ्या आणि कार्यशाळा यांचा सुकाळ आहे. वरच्या गोष्टीत तेच सेरोटोनिन प्राण्याला गोठवतंय. एकच रसायन वेगवेगळ्या ठिकाणी, पेशींवरच्या वेगवेगळ्या ग्राहींवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागांवर, बसून वेगवेगळी कामं करतं. एका रसायनाला एक भावना चिकटवणारा माणूस तुम्हाला विज्ञान सांगत नसतो, काहीतरी विकत असतो.

तर, राफे. आता खरी अडचण. 'या संकटावर माझं नियंत्रण आहे की नाही' हे ठरवायला कृती आणि परिणाम यांची सांगड घालावी लागते, आधीच्या अनुभवाशी ताडून पाहावं लागतं. खोडातल्या एवढ्याशा पुंजक्याला हे जमणार कसं? त्याच्याकडे तशी माहितीच पोचत नाही. म्हणजे कुणीतरी वरून सांगत असणार. आणि राफेकडे मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, येणारे धागे जवळजवळ सगळे कपाळामागच्या भागातून, पुरोललाट बाह्यकाच्या मधल्या पट्ट्यातून येतात. २००५ मध्ये मायर यांच्या गटानं हा भाग औषध टोचून तात्पुरता बधिर केला आणि उंदराला चालणारं चाक दिलं. उंदरानं चाक व्यवस्थित फिरवलं, दर वेळी झटका थांबवला, बाहेरून पाहता कामगिरी उत्तम. पण आतून तो निकामी चाक मिळालेल्या उंदरासारखाच झाला. राफे पेटलेला, आणि दुसऱ्या दिवशी सुटकेची वाट समोर असूनही तो तसाच बसून. नंतर उलटा प्रयोग झाला. चाक निकामी, पण तोच भाग औषधानं मुद्दाम उत्तेजित केलेला. असा उंदीर असहाय झाला नाही.

याचा अर्थ नीट लावला तर मूळ सिद्धांत डोक्यावर उभा राहतो. मायर आणि सेलिगमन यांनी २०१६ मध्ये स्वतःच ते लिहून टाकलं, पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या स्पष्टीकरणाची दिशाच उलटी होती म्हणून. असहायता शिकावी लागत नाही. दीर्घकाळ त्रास झाला की गोठणं ही मेंदूची मुळातली, न शिकवलेली प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते नियंत्रण. 'माझ्या कृतीनं फरक पडतो' असा पुरावा मिळाला की कपाळामागचा भाग राफेला आवरतो. गाडी उतारावरच आहे आणि हा ब्रेक आहे, असं समजा. गाडी घसरली तर 'कुणी ढकलली' हे शोधण्यापेक्षा ब्रेकवरचा पाय का निघाला, हे पाहावं लागेल.

यालाच जोडून आलेला एक निष्कर्ष मला फार आवडतो. आधी चालणारं चाक मिळालेल्या उंदराला नंतर निकामी चाक दिलं तरी तो गोठत नाही. नियंत्रणाचा जुना अनुभव लशीसारखा टिकतो. कुत्र्यांच्या मूळ प्रयोगातही हे दिसलं होतं, पण कारण तेव्हा कळलं नव्हतं.

आता उंदरावरून एकदम माणसांच्या ऑफिसात उडी मारणं बरोबर नाही, विजेचा झटका म्हणजे अप्रेजल नव्हे. माणसांवरचा पुरावा निराळा पाहायला हवा. १९७०च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना कर्कश गोंगाटात काम करायला बसवलं. टाइपराइटर, सायक्लोस्टाइल आणि हिशेबाचं यंत्र यांची खडखड, त्यावर स्पॅनिश आणि आर्मेनियन भाषेतली बोलणी, सगळं एकात एक मिसळलेलं आणि केव्हा सुरू होईल याचा नेम नाही. काही जणांना एक बटण दाखवलं होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला. गोंगाट चालू असताना कामातही विशेष फरक पडला नाही, माणसं सरावतात. फरक दिसला तो नंतर, शांततेत. बटण नसलेल्यांनी मुद्रितं तपासताना जास्त चुका सोडल्या, आणि न सुटणारी कोडी दिली तेव्हा लवकर हात टेकले.

कामगिरी मोजायची वेळ आपण कशी चुकवतो, हे इथे दिसतं. रेटा चालू असताना आकडे ठीकच येतात. किंमत नंतर चुकवली जाते, आणि तेव्हा ती भलत्याच कामाच्या नावावर लागते.

प्रत्यक्ष नोकरीतही हीच खूण सापडते. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडलं की नुसता कामाचा बोजा माणसाला मोडत नाही. बोजा जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी मोडते. लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा करणाऱ्या व्हाइटहॉल-२ अभ्यासात, आपल्या कामावर आपलं नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. वर बसलेल्या साहेबाला ताण जास्त म्हणून हृदयविकारही त्यालाच जास्त, हा लाडका समज त्यात टिकला नाही. पायरी जितकी खालची तितका धोका जास्त.

सगळं काही नियंत्रणानं समजत नाही, हेही सांगायला हवं. १९९० मध्ये जेरल्ड ग्रीनबर्ग यांनी एकाच कंपनीच्या तीन कारखान्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांपुरता १५ टक्के पगार कापला होता. एका ठिकाणी प्रमुखानं दीड तास बसून आकडे दाखवले, प्रश्न घेतले, वाईट वाटत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत उरकलं. कारखान्यातल्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जिथे उरकलं तिथे कितीतरी जास्त, आणि राजीनामेही तिथेच अधिक. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्या खाली आल्या. दीड तास बोलल्यामुळे कामगारांच्या हातात काहीच जास्त आलं नव्हतं, कपात तेवढीच होती. इथे काम करते ती न्यायाची जाणीव, आणि तिचा मार्ग राफेतूनच जातो असं म्हणण्याइतका पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

व्यवस्थापनाच्या बाजारात मात्र या सगळ्याऐवजी माणसाच्या स्वभावावर खापर फोडायची साधनं विकली जातात. हस्ताक्षरावरून उमेदवाराची कामगिरी सांगणारे तज्ज्ञ आहेत. कसोट्यांमध्ये त्यांचं भाकीत हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याची विद्या न शिकलेल्या माणसापेक्षा सरस ठरत नाही. स्वभावाला रंग देणाऱ्या चाचण्या आहेत. टाळ्या वाजवायला लावणारी प्रेरणादायी भाषणं आहेत. भाषणानं त्या दिवशी बरं वाटतं, नाही असं नाही. पण ऐकणाऱ्याच्या चाकाला काही जोडलेलं नसेल, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निकामी चाकापाशीच येऊन बसणार.

आणि खोटं बटणही चालत नाही. ग्लास आणि सिंगर यांचं बटण उपयोगी पडलं, कारण ते कुणी फारसं दाबून पाहिलं नाही. ऑफिसातलं बटण दाबलं जातं. 'तुमची मतं कळवा' असा फॉर्म दर वर्षी येतो, माणूस पहिल्या वर्षी दोन पानं लिहितो, दुसऱ्या वर्षी दोन ओळी. कृती आणि परिणाम यांची सांगड घालणारी यंत्रणा मेंदूत सतत चालू असते, तिला फॉर्मवरचा मजकूर नको असतो, त्यानंतर काय हललं ते हवं असतं. म्हणून 'तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच' या प्रश्नापेक्षा 'गेल्या सहा महिन्यांत तुमच्या सांगण्यावरून काय बदललं' हा प्रश्न जास्त कामाचा. तो बहुतेक ठिकाणी विचारला जात नाही, कारण उत्तर मधल्या फळीच्या मॅनेजरला द्यावं लागतं, आणि वेळापत्रक, माणसं, पैसा यातलं काहीच त्याच्याही हातात नसतं.