सोलर कंपनी गावाची किती, ते मे महिन्यात कळतं

कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या वीज केंद्रांच्या चिमण्या बघतच नागपूरकर मोठा होतो, राख म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगायला नको, त्यामुळे आजूबाजूच्या गावात सोलर प्लांट येतोय म्हटलं की बरं वाटतं. पण कंपनी म्हणते ना की आम्ही पर्यावरण जपतो, गावाला सोबत घेतो, तेव्हा झाडं किती लावली आणि दप्तरं किती वाटली ह्याच्या आधी मी विचारीन की पॅनल धुवायला पाणी कुठून आणता?

कारण बघा, पॅनलची रेटिंग 25 अंश तापमानाला काढलेली असते, त्याच्या वर प्रत्येक अंशाला वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्के कमी होते. आपल्याकडे मे मध्ये हवाच 45 अंशावर जाते, पॅनल सहज 65 च्या पुढे, म्हणजे 13-14 टक्के तर गरमीनेच गेले, त्यात काचेवर धूळ. म्हणून तेव्हाच जास्त धुवावं लागतं आणि नेमक्या तेव्हाच गावच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात! बोअरचं जड पाणी मारलं तर काचेवर पांढरे डाग बसतात ते वेगळंच.

ह्यावर उपाय आहे आणि तो पॅनलवरच पडतो. 1 मेगावॉटला आजकालचे मोठे पॅनल लावले तर साधारण 1,850 लागतात, एकेक अडीच चौरस मीटरचा, आणि पाऊस वर्षाला 1000 मिलिमीटर धरला तर त्यांच्यावर 46 लाख लिटर पाणी पडतं. एका पॅनलला 3 लिटर, महिन्यातून दोनदा, असे कोरडे आठ महिने धुतलं तरी 90 हजार लिटरच्या आत भागतं. म्हणजे 2 टक्के पाणी अडवलं तरी पुरे, फक्त पन्हाळी आणि टाकी पाहिजे. जोधपूरच्या काझरी ह्या सरकारी संशोधन संस्थेने असं करून दाखवलंय, मग इथे का नाही?

दुसरं म्हणजे पॅनलखालची जमीन. बऱ्याच ठिकाणी ती खरडून, तणनाशक मारून उघडी ठेवतात, वाळलेल्या गवताला आग लागायची भीती असते आणि ती खोटी नाही. पण उघड्या जमिनीची धूळ परत पॅनलवरच बसते. गवत राहू दिलं तर सावलीत ओल जास्त टिकते, पानांतून बाष्प निघतं तशी खालची हवाही थोडी थंड राहते. आणि गवत वाढलं तर मेंढ्या सोडा, बकऱ्या नको, त्या पॅनलवर चढतात आणि वायर चावतात. प्लांट गायरानावर असेल तर हा गावाचा हक्काचा चारा आहे, कुंपण घालून तो बंद करायचा आणि वर गावासोबत आहोत म्हणायचं हे मला पटत नाही.

पॅनल 25-30 वर्षांनी उतरतात. वजनाने बराचसा भाग काच आणि ॲल्युमिनियम, पण सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे भंगारात फोडून चालत नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आलेत, तरी जागेवरचे खांब, काँक्रीट, केबल कोण काढणार आणि त्याचा पैसा आत्ताच बाजूला ठेवणार का, हे भाडेकरारात लिहून घ्या, आणि सही व्हायच्या आधी ते ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा.