ढवळता ढवळता तापणारं खारं पाणी

समुद्री मत्स्यालयासाठी रात्री टाकीतल्या पाण्यात मीठ घालून ते ढवळायला पंप सुरू करायचा आणि सकाळी बघावं तर पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम! हीटर तर लावलेलाच नसतो. मग पंपावर संशय येतो, पण तो बहुधा ठणठणीत असतो. तो जे करतो ते १८४० च्या दशकातच मोजून झालेलं आहे.

इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा जेम्स जूल हा बिअर गाळणाऱ्या घराण्यातला. त्याने हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर भांड्यातल्या पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. १८५० साली त्याने आकडा दिला: ७७२ पौंडांचं वजन १ फूट खाली आलं की १ पौंड पाणी १ अंश फॅरनहाइटने तापतं. त्याच हिशेबाने नायगाऱ्याच्या पायथ्याचं पाणी माथ्यापेक्षा सुमारे एक पंचमांश अंश फॅरनहाइटने गरम असायला हवं, असंही त्याने मांडलं होतं. मीठ कालवायची आपली टाकी म्हणजे जूलचं तेच भांडं, फक्त वजनांच्या जागी वीज.

गंमत अशी की मत्स्यालयात पंप आला तेव्हा तो पाणी गार ठेवायला मदत करत होता. विल्यम अल्फोर्ड लॉइडने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उभारलेल्या मत्स्यालयात दर्शनी टाक्यांखाली मोठा अंधारा हौद होता. वाफेच्या जोरावर चालणारे पंप पाणी त्या हौदातून वर आणि पुन्हा खाली फिरवत राहायचे. इंजिनाची उष्णता पाण्याबाहेरच राहायची आणि पाणी अंधारात थंडावायचं.

हे गणित पालटलं ते विसाव्या शतकात, मोटार थेट पाण्यात उतरली तेव्हा. तारेची वेटोळी राळेत बंद केलेली, रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) चुंबकाचा आणि कवचातून बाहेर येणारा दांडाच नाही. त्यामुळे गळती नाही, गंजायला धातू उघडा नाही. खाऱ्या पाण्यासाठी ही रचना वरदानच. पण अशी मोटार थंड होते ती भोवतीच्या पाण्यामुळे, म्हणजे तिची सगळी उष्णता त्या पाण्यातच जाते. १९६० च्या दशकात तयार समुद्री मीठ बाजारात आलं आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांच्या घरातही मीठ कालवायची टाकी आली.

हिशेब साधा आहे. १०० लिटर खारं पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४ लाख १० हजार ज्यूल लागतात. ५० वॅटचा पंप तासाला १ लाख ८० हजार ज्यूल ओततो, म्हणजे तासाला जवळपास ०.४४ अंश. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता आणि पंपाची उष्णता समसमान झाली की चढ थांबतो. झाकण घट्ट असेल तर तो उशिरा आणि वरच्या पातळीवर थांबतो. मोटार टाकीबाहेर ठेवली तर वेटोळ्यांची उष्णता वाचते, पण पाण्याला दिलेली गती शेवटी घर्षणात विरून उष्णताच होते. म्हणून अलीकडच्या डीसी पंपांचा खरा फायदा आवाजापेक्षा कमी वॅटमध्ये आहे, असं मला वाटतं.

दोन-चार अंशांनी काय बिघडतं? साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे: पाणी तापलं की ते बाहेर पडतं. टाकीच्या भिंतींवर पांढुरका थर धरतो, क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) घसरते आणि दोष मिठाच्या पुड्याला जातो. गरम पाण्याची घनता कमी असल्याने हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा मोजणारं उपकरण) खारेपणाही कमी दाखवतो, मग माणूस आणखी मीठ घालतो. तो पांढरा थर बहुधा सगळ्यात आधी बसतो तो पाण्यातल्या सगळ्यात गरम जागी, पंपाच्याच रोटरवर.