भिंतीलगतचं टेबल

२९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजलिसच्या अँबॅसडर हॉटेलातला 'कोकोनट ग्रोव्ह' हा झगमगीत हॉल, आणि बारावा ऑस्कर सोहळा. 'गॉन विथ द विंड'ची मंडळी निर्माता डेव्हिड सेल्झनिकच्या टेबलाभोवती जमलेली. त्याच चित्रपटात 'मॅमी' या गुलाम दाईचं काम केलेली हॅटी मॅकडॅनियल मात्र त्यांच्यात नव्हती. ती लांब, भिंतीला लागून ठेवलेल्या एका छोट्या टेबलाशी बसली होती. सोबत एक मित्र आणि तिचा गोरा एजंट.

त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. सेल्झनिकने शब्द टाकला म्हणून तिला आत तरी येता आलं. त्यातून त्या रात्रीचा निकाल गुपित राहिलाच नव्हता. लॉस एंजलिस टाइम्सने संध्याकाळच्या अंकातच विजेत्यांची नावं छापून टाकली होती (सीलबंद पाकिटांची पद्धत या फजितीनंतरची). त्या भिंतीलगतच्या टेबलाकडे एक ऑस्कर जाणार, हे हॉलमधल्या अनेकांना आधीच कळलेलं असणार. तरी टेबल जिथल्या तिथेच राहिलं.

हॅटीने केसांत अनंताची पांढरी फुलं माळली होती. सहाय्यक अभिनेत्रीच्या त्या पुरस्कारासाठी तिच्यासमोर तिच्याच चित्रपटातली ऑलिव्हिया डी हॅविलंड होती. तिला मागे टाकून हॅटी ऑस्कर जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. हातात पडली ती मूर्ती नव्हे, तर वीतभर पाटी. यात मात्र भेदभाव नव्हता. १९४३ पर्यंत सहाय्यक कलाकारांना, गोरे असोत की काळे, पाटीच मिळायची. दोनच महिने आधी, डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात चित्रपटाचा भव्य प्रीमियर झाला, तेव्हा जॉर्जिया राज्यातल्या वर्णभेदामुळे ती तिथे पाऊलही ठेवू शकली नव्हती.

हॅटीचे वडील गुलाम म्हणून जन्मलेले, पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले. ती स्वतः गाणी म्हणायची, विनोदी नाट्यप्रवेश लिहायची. हॉलिवूडने तिला जवळजवळ जन्मभर स्वयंपाकघरातच ठेवलं. मोलकरीण, दाई, पुन्हा मोलकरीण. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट अशा भूमिकांवर जाहीर टीका करत. त्यावर तिच्या नावाने सांगितलं जाणारं उत्तर असं, की आठवड्याला सात डॉलर घेऊन मोलकरीण होण्यापेक्षा सातशे घेऊन मोलकरणीचं काम केलेलं काय वाईट? उत्तर फटकळ आहे, पण पोटाचं आहे. टीका करणाऱ्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही.

मुळात दुसऱ्या भूमिका होत्या कुठे? १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या हेज संहितेने, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमावलीने, पडद्यावर काळ्या-गोऱ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला बंदी घातली होती. नायक गोरा, म्हणजे नायिका गोरीच. लीना हॉर्न या देखण्या गायिकेची गाणी चित्रपटात अशी बेतून टाकत, की दक्षिणेकडच्या थिएटरांना ती कापून टाकता यावीत आणि कथेला धक्काही लागू नये. मिश्रवंशीय स्त्रीची भूमिका आलीच, तर तीही गोऱ्या नटीला. १९४९ चा 'पिंकी' पाहा. गोरी समजली जाणारी कृष्णवर्णीय मुलगी रंगवणाऱ्या गोऱ्या जीन क्रेनला प्रमुख अभिनेत्रीचं नामांकन, आणि तिच्या आजीचं काम करणाऱ्या एथेल वॉटर्सला सहाय्यक अभिनेत्रीचं. म्हणजे कथा कृष्णवर्णीय मुलीची असली, तरी मुख्य जागा गोऱ्या नटीचीच.

प्रमुख अभिनेत्रीच्या यादीत पहिलं कृष्णवर्णीय नाव आलं ते डोरोथी डँड्रिजचं, 'कार्मेन जोन्स'साठी. सगळे कलाकार कृष्णवर्णीय, त्यामुळे संहितेची अडचणच नव्हती. आपल्याला पार्श्वगायनाचं नवल नाही, पण डँड्रिज स्वतः नाइटक्लबांतली नावाजलेली गायिका होती. तरी ऑपेराच्या सुरांसाठी तिच्या तोंडी आवाज घातला तो मॅरिलिन हॉर्न या गोऱ्या तरुणीचा. ३० मार्च १९५५ ला पुरस्कार ग्रेस केलीला गेला. खरी निराशा त्यानंतरची. अशा नामांकनानंतर दारात निर्मात्यांची रांग लागायला हवी. डँड्रिजला मोजक्याच भूमिका मिळाल्या आणि १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी ती गेली.

पुढची गती बैलगाडीची. १९७२ च्या चित्रपटांसाठी डायना रॉस आणि सिसिली टायसन एकाच वर्षी प्रमुख गटात होत्या. जिंकली लायझा मिनेली. मग डायहान कॅरोलचं नामांकन. मग 'द कलर पर्पल': अकरा नामांकनं, त्यांत हूपी गोल्डबर्ग प्रमुख आणि ओप्रा विन्फ्री व मार्गरेट एव्हरी सहाय्यक गटात, आणि शेवटी हाती भोपळा. हूपीला ऑस्कर मिळालं ते मार्च १९९१ मध्ये 'घोस्ट'साठी, सहाय्यक अभिनेत्रीचं. हॅटीनंतर थेट ५१ वर्षांनी.

प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार यायला २४ मार्च २००२ उजाडलं. 'मॉन्स्टर्स बॉल'साठी हॅली बेरीचं नाव पुकारलं गेलं, आणि व्यासपीठावर तिला रडू आवरेना. तिने डोरोथी डँड्रिज, लीना हॉर्न, डायहान कॅरोल यांची नावं घेतली आणि आज एक दार उघडलं असं म्हणाली. डँड्रिजचं नाव तिच्या तोंडी नुसतं रीत म्हणून आलं नव्हतं. तीनच वर्षांपूर्वी तिने टीव्हीवरच्या चरित्रपटात डँड्रिज रंगवली होती आणि त्यासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळवला होता. पण ते दार तिच्यामागे पुन्हा लागलं. २०२५ पर्यंतच्या सोहळ्यांत या गटात जिंकलेली कृष्णवर्णीय अभिनेत्री ती एकटीच. पुढे मुलाखतींतून तिने स्वतःच याबद्दल खंत बोलून दाखवली.

सहाय्यक गटाचं चित्र मात्र वेगळं. २००७ ते २०२५ या काळात जेनिफर हडसन, मोनिक, ऑक्टेव्हिया स्पेन्सर, लुपिता न्योंगो, व्हायोला डेव्हिस, रेजिना किंग, एरियाना डिबोस, डव्हाइन जॉय रँडॉल्फ आणि झोई सालडान्या अशा नऊ जणी जिंकल्या. नऊ आणि एक, हा फरक योगायोगाचा वाटत नाही. कोणत्या अभिनेत्रीचा प्रचार कोणत्या गटात करायचा हे व्यवहारात स्टुडिओ ठरवतो, आणि जिथे जिंकण्याची खात्री जास्त तिथे तो तिला उभी करतो. व्हायोला डेव्हिसचंच घ्या. 'फेन्सेस' नाटकातल्या रोझच्या भूमिकेसाठी २०१० मध्ये तिला टोनी हे रंगभूमीचं पारितोषिक मिळालं ते प्रमुख अभिनेत्रीचं. तीच रोझ तिने पडद्यावर साकारली, आणि २०१७ मध्ये ऑस्कर मिळालं सहाय्यक अभिनेत्रीचं. बाई तीच आणि नवराही तोच डेन्झेल वॉशिंग्टन, फक्त रांग बदलली.

भूमिकांचं बोलायचं तर ऑक्टेव्हिया स्पेन्सरला पुरस्कार मिळाला 'द हेल्प'मधल्या मोलकरणीसाठी, हॅटीनंतर ७२ वर्षांनी. त्याच चित्रपटात डेव्हिसही मोलकरीण होती आणि तिला प्रमुख गटाचं नामांकन होतं. नंतर तिने या भूमिकेची रुखरुख वाटते असं सांगितलं. चित्रपटात त्या बायकांचा स्वतःचा आवाज ऐकूच आला नाही, अशी तिची तक्रार. २०१५ मध्ये एमीच्या व्यासपीठावरून ती बोलली तेही हेच, की मुळात नसलेल्या भूमिकांसाठी पुरस्कार जिंकता येत नाही.

त्याच सुमारास मतदारांकडेही लक्ष गेलं. २०१२ मध्ये लॉस एंजलिस टाइम्सने मोजदाद केली तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सुमारे ९४ टक्के सदस्य गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली, एप्रिल रेन यांनी सुरू केलेला 'ऑस्कर्स सो व्हाइट' हा हॅशटॅग गाजला, आणि अकादमीने २०२० पर्यंत महिला व अल्पसंख्य सदस्यांची संख्या दुप्पट करण्याचं ठरवलं. संख्या वाढली. तरी २०२३ च्या नामांकनांत 'टिल'ची डॅनिएल डेडवायलर आणि 'द वुमन किंग'ची डेव्हिस दोघीही नव्हत्या. जेमतेम २७ हजार डॉलर कमावलेल्या चित्रपटातली गोरी अँड्रिया राइजबरो होती, कारण तिच्या नामवंत मित्रमंडळींनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. अकादमीने चौकशी केली, नामांकन कायम राहिलं. राइजबरोच्या अभिनयाला नावं ठेवायचं कारण नाही. पण कुणाच्या ओळखी कुणापर्यंत पोचतात, हे त्यातून उघडं पडलं.

हॅटी १९५२ मध्ये गेली. अंगावर अनंताच्या फुलांची चादर घाला असं तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, आणि हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा मागितली होती. तिथेही गोऱ्यांनाच प्रवेश. तिला रोझडेल या दुसऱ्या दफनभूमीत पुरलं. २०१० मध्ये मोनिक पुरस्कार घ्यायला आली ती केसांत तसंच फूल खोवून, आणि हॅटीचे आभार मानून गेली.

ऑस्करची ती पाटी हॅटीने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती. तिथून ती केव्हातरी नाहीशी झाली आणि पुन्हा सापडली नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला अकादमीने विद्यापीठाला बदली पुरस्कार दिला. तोही मूर्ती नव्हे. १९४० सारखीच पाटी.