परिचर्येतील संवाद आणि व्यक्तिगत जबाबदारी

परिचर्येतील संवाद आणि व्यक्तिगत जबाबदारी : रुग्णाविषयीची माहिती, शंका आणि चुका योग्य माणसापर्यंत वेळेत व नीट समजेल अशा रीतीने पोहोचवणे, आणि आपण केलेल्या, न केलेल्या किंवा दुसऱ्याला करायला सांगितलेल्या कामाबद्दल स्वतः उत्तर देणे, या परिचर्येतील दोन परस्परांत गुंतलेल्या गोष्टी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात त्यांचे धडे बहुधा वेगवेगळे असतात. एक संवादकौशल्याच्या प्रकरणात, दुसरा नीतिशास्त्र आणि कायद्याच्या. वॉर्डात मात्र त्या एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. ‘जबाबदारी’त जबाब आहे आणि ‘उत्तरदायित्वा’त उत्तर, म्हणजे कोणीतरी विचारणारा आहे हे दोन्ही शब्दांनी धरूनच चालले आहे. अडचण एवढीच, की जबाब म्हटले की पोलिसांनी नोंदवलेला जबाब आधी आठवतो, आणि वॉर्डातही या शब्दाचा धाक तसाच असतो.

नेमून दिलेले काम आणि त्या कामाबद्दलचे उत्तर यांत फरक केला जातो. काम सोपवता येते, उत्तर सोपवता येत नाही. परिचारिकेने सहायकाला बीपी मोजायला सांगितले तर मोजण्याचे काम त्याचे. पण हे काम त्याला येते का, आकडा आपल्यापर्यंत आला का, आणि आल्यावर आपण काय केले, ही तिन्ही उत्तरे सांगणारीकडेच राहतात. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य म्हणून अर्धेच आहे.

आज्ञापालनाकडून उत्तराकडे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ सालच्या परिचर्येवरील पुस्तकात बारीकसारीक व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करता आली पाहिजे, हा त्याचा गाभा. हँडओव्हर (ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती आणि उरलेली कामे येणारीकडे सोपवणे) हा शब्द तेव्हा रुळलेला नसला तरी विषय तोच होता. रुग्णाला पोकळ दिलासे देत बसणाऱ्यांचाही त्यांनी त्याच पुस्तकात खरपूस समाचार घेतला आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पुढे ठिकठिकाणी निघालेल्या शाळांत शिस्त पुष्कळ होती, पण ती बरीचशी वरच्याचे ऐकण्याची.

हा बदल कसा होत गेला ते आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेत नेमके दिसते. १९५३ च्या पहिल्या संहितेत डॉक्टरांचे आदेश बुद्धीने व निष्ठेने पाळणे हे कर्तव्य म्हणून घातले होते. १९७३ च्या सुधारणेत ते गेले, आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी परिचर्येची गरज असलेल्या माणसांशी, असे ठरले. वीस वर्षांत उत्तर कोणाला द्यायचे तो माणूसच बदलला. त्याच काळात हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच परिचर्येचा कणा मानला. १९६१ मध्ये आयडा जीन ऑर्लँडो यांनी त्याला एक कामाची शिस्त जोडली : रुग्णाच्या वागण्यावरून आपल्याला जे वाटले ते खरे धरून न चालता त्यालाच विचारून पाहायचे. कूस बदलत राहणाऱ्या माणसाला दुखत असेल, लघवीला जायचे असेल, किंवा नुसती भीती वाटत असेल.

याच सुमारास इझाबेल मेन्झीस यांनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० मध्ये जे मांडले, ते आजही वाचताना अस्वस्थ करते. दुखण्याच्या आणि मृत्यूच्या सततच्या सान्निध्यातून येणारी भीती टाळण्यासाठी संस्थेनेच काही सवयी लावून घेतल्या होत्या. रुग्णाचे नाव न घेता खाट क्रमांक आणि अवयव सांगायचा. एका परिचारिकेने एक रुग्ण न पाहता सगळ्यांचे एकच काम करत जायचे. निर्णय लहान असला तरी तपासून घ्यायचा, पुन्हा तपासून घ्यायचा, आणि जमेल तितका वर ढकलायचा. जबाबदारी अशी वर-वर जात राहिली की शेवटी ती नेमकी कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता येत नाही. ‘दहा नंबरचं लिव्हर’ ही भाषा त्या रुग्णालयाबरोबर संपली, असे म्हणण्याचे धाडस करवत नाही.

फोनवरचा अनोळखी डॉक्टर

या विषयात सर्वांत बोलका ठरलेला प्रयोग चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. २२ वॉर्डांमध्ये ड्यूटीवरच्या परिचारिकेला एका अनोळखी डॉक्टरचा फोन येई : अमुक रुग्णाला या औषधाचे २० मिलिग्रॅम आत्ता द्या, सही मी आल्यावर करतो. बाटलीच्या लेबलवर जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असे छापलेले. औषध वॉर्डाच्या यादीत नव्हते, आणि फोनवरून असा आदेश घेणे नियमाबाहेरचे होते. बाटलीत अर्थात निरुपद्रवी गोळ्याच होत्या. २२ पैकी २१ जणी औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. त्यांना वाटेत थांबवून खरे काय ते सांगितले गेले.

खरा धडा पुढेच आहे. हाच प्रसंग कागदावर लिहून इतरांना विचारला होता. १२ पैकी १० परिचारिकांनी आपण औषध देणार नाही असे सांगितले, आणि २१ नर्सिंग विद्यार्थिनींपैकी एकीनेही ‘देईन’ म्हटले नाही. म्हणजे ज्ञान होते, तत्त्वही तोंडपाठ होते. फोन हातात आल्यावर ते कुठे गेले हा प्रश्न. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी प्रयोग बदलून केला. औषध ओळखीचे घेतले आणि सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक ठेवली. या वेळी १८ पैकी फक्त दोघी औषध द्यायला तयार झाल्या. ओळखीच्या औषधाचा वाटा त्यात आहेच. तरी ‘अगं, हे बघ ना, डोस जास्त वाटतोय’ एवढे शेजारणीला म्हणता येणे हा त्यातला मोठा फरक मानला पाहिजे. विवेक हा एकटीच्या मनाचा खंबीरपणा आहे अशी समजूत शिकवण्यातून पसरते. बऱ्याचदा तो विचारता येईल अशी एक व्यक्ती जवळ असण्यावर अवलंबून असतो.

डॉक्टरला सुचवायचे, पण सुचवले असे दिसू द्यायचे नाही, या जुन्या कसरतीचे वर्णन लेनर्ड स्टाइन यांनी १९६७ मध्ये ‘डॉक्टर-नर्स खेळ’ म्हणून केले. ‘झोप लागत नाही म्हणतायत’ असे परिचारिका म्हणणार, ‘काल कोणतं औषध चाललं?’ असे डॉक्टर विचारणार, आणि सूचना अशा रीतीने मूळ ठिकाणाहून उचलून डॉक्टरांच्या नावावर पडणार. खेळ दोघांनाही सोयीचा असतो. काही बिनसले की मात्र सूचना कोणाची होती हे नोंदीत सापडत नाही.

हँडओव्हर आणि फोन

दुपारची ड्यूटी संपते आहे. जाणारी सांगते, ‘सात नंबर स्टेबल. काही विशेष नाही.’ आता हेच दुसऱ्या तऱ्हेने : ‘सात नंबर, काल पोटाचं ऑपरेशन. दोन वाजल्यापासून आत्तापर्यंत, सहा तासांत, पिशवीत नव्वद मिली लघवी. बीपी ठीक आहे. सहा वाजता डॉक्टरांना कळवलं, त्यांनी सलाईन वाढवायला सांगितलं, वाढवलंय. नऊ वाजता परत मोजून त्यांना फोन करायचाय, तो तू करशील.’ येणारीने पिशवी स्वतः पाहायची आणि ‘नऊला मोजून फोन मी करते’ असे परत म्हणायचे. पहिल्या तऱ्हेत मत सांगितले गेले. दुसरीत आकडा, वेळ आणि काम सांगितले गेले, आणि ते काम कोणाच्या हातात गेले हेही. खाटेजवळ उभे राहून हे केले तर रुग्ण स्वतःही चूक दुरुस्त करतो.

अशा बोलण्याला चौकट असावी म्हणून एसबार ही पद्धत वापरतात : परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली आणि २००० नंतर कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेतून रुग्णालयांत पसरली. पहिले तीन भाग विद्यार्थी लवकर शिकतात. अडते ते चौथ्यावर. ‘तुम्ही येऊन बघा’ हे सरळ म्हणणे स्टाइन यांच्या खेळात बसत नाही.

फोनवरचा आदेश अपरिहार्य असेल तेव्हा तो लिहून घ्यायचा, लिहिलेला वाचून दाखवायचा आणि समोरच्याकडून ‘बरोबर’ असे ऐकायचे. नुसते ‘हो सर’ म्हणणे याला पुनरुच्चार म्हणत नाहीत. मराठी अंकांत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ऐकण्यात गल्लत करवतात, म्हणून अंक सुटे बोलणे बरे : पाच-नऊ, सहा-नऊ. कागदावरचे धोके वेगळे. १.० मधला टिंब पुसट असला की तो दहा होतो, शून्याशिवाय लिहिलेले .५ पाच होते, आणि इन्सुलिनच्या युनिटसाठी काढलेले इंग्रजी यू अक्षर शून्यासारखे दिसून डोस दहापट होतो. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये लिहूच नयेत अशा खुणांची यादी केली, तिच्यात हे तिन्ही आहेत.

शिकवताना

सरावासाठी बाहुल्या फार जुन्या आहेत. ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या प्रशिक्षण शाळेत आली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीच्या रॉनल्ड हार्डन यांनी ठिकाणागणिक ठरीव काम देणारी ऑस्की ही परीक्षापद्धत मांडली, तेव्हापासून रुग्णाशी बोलण्यालाही गुण देता येऊ लागले. ती उपयोगी आहे. पण ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याचे गुण घेऊन पुढच्या दहा मिनिटांत रुग्णाकडे न पाहणारे विद्यार्थीही तिनेच तयार केले.

जबाबदारीचा पहिला खरा धडा बहुधा श्वास मोजताना मिळतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचे नसते, आणि सकाळच्या घाईत तेवढे एक मिनिट नसते. मग चार्टवर सगळ्यांसमोर १८ किंवा २० येतात. वॉर्डभर वीस रुग्ण एकाच तालात श्वास घेत आहेत असा चार्ट पाहिला की जाणत्या ट्यूटरला काय झाले ते कळते. हा आकडा निरुपद्रवी नाही. श्वासाचा वाढलेला वेग बिघडत्या प्रकृतीची सर्वांत आधी मिळणाऱ्या खुणांपैकी एक असतो, आणि कोणीतरी मनाने भरलेला २० पुढच्या माणसाला ‘तपासून झालंय’ असे खोटे सांगतो. रिकामी जागा निदान ‘मोजायचं राहिलंय’ हे खरे तरी सांगते. म्हणून चार्टात रिकामी जागा दिसली की ओरडणारी इनचार्ज, तिचा हेतू कितीही चांगला असला तरी, खोटे आकडे लिहायला शिकवत असते.

चिंतन-रोजनिशी हा दुसरा रूढ उपाय. गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले चक्र (काय घडले, काय वाटले, काय चांगले-वाईट, कशामुळे, आणखी काय करता आले असते, पुढे काय) तिच्यासाठी वापरतात. तिला गुण द्यायला लागले की विद्यार्थी ट्यूटरला आवडेल तेवढीच चूक कबूल करतात.

चूक झाल्यावर

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होतात असा अंदाज दिला, आणि दोष व्यक्तींपेक्षा व्यवस्थेत शोधा असा सूर रूढ झाला. जेम्स रीझन यांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा त्यासाठी दिली : भोके एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. मग व्यक्तीची जबाबदारी उरते किती? डेव्हिड मार्क्स यांच्या मांडणीत तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. हात चुकणे, सवयीने घेतलेला धोक्याचा आडमार्ग, आणि धोका माहीत असून केलेली बेपर्वाई. पहिल्याला धीर द्यायचा, दुसऱ्याला समज, शिक्षा फक्त तिसऱ्याला. न्याय्य संस्कृती म्हणतात ती हीच. व्यवहारात ‘सिस्टीमचा दोष’ हीदेखील लपायची नवी जागा झाली आहे हे मान्य करावे लागते.

एमी एडमंडसन यांना १९९६ च्या अभ्यासात उलटेच दिसले. ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगले होते तिथे औषधांच्या चुका जास्त सापडत होत्या. कारण बहुधा असे, की तिथे त्या सांगितल्या जात होत्या. इन्सिडेंट रिपोर्टांचा, म्हणजे चुकांबद्दल लिहून दिलेल्या अहवालांचा, शून्य आकडा हा म्हणून अभिमानाचा विषय नव्हे.

रिपोर्टात मराठी मदतीला धावून येते, जरा जास्तच. ‘औषध द्यायचे राहून गेले’, ‘चुकीची गोळी दिली गेली’, ‘नजरचुकीने झाले’ : कर्ता कुठेच नाही. ‘मी रात्री दहाला आठ नंबरची गोळी नऊ नंबरला दिली’ या वाक्यात माणूस, वेळ आणि दोन रुग्ण आहेत. त्यावरून काहीतरी करता येते.

इंग्लंडमध्ये मिड स्टॅफर्डशर या रुग्णालयसंस्थेतील रुग्णांच्या हेळसांडीच्या प्रकरणाच्या २०१३ च्या चौकशी अहवालानंतर, २०१४ पासून रुग्णाला झालेली इजा त्याला मोकळेपणाने सांगणे संस्थांवर कायद्याने बंधनकारक आहे. माफी मागणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली नव्हे, हे तिथल्या कायद्यात २००६ पासूनच आहे. ‘तुम्हाला दुसऱ्याची गोळी माझ्या हातून दिली गेली’ हे ऐकल्यावर नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस सहसा रागावायच्या आधी विचारतो, ‘मग आता काय होईल?’ तेव्हा ती गोळी कशाची होती, तिने काय होऊ शकते, डॉक्टरांना किती वाजता कळवले आणि आजच्या रात्री बीपी किती किती वेळाने मोजणार, हे सांगणारीला आधीच माहीत असावे लागते.