पत्ते खेळणे व लोकनिंदा (नाशिक)

पैसे न लावता, केवळ विरंगुळा म्हणून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांनाही जुगाराच्या पंक्तीला बसवून खेळणाऱ्याला नावे ठेवण्याची प्रवृत्ती. ती साऱ्या महाराष्ट्रात आढळते. प्रस्तुत नोंद नाशिक शहर व लगतच्या गावांपुरती आहे. मेंढीकोट, झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन, लॅडीस हे येथील नेहमीचे डाव.

पत्त्यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. भारतातील सर्वांत जुना निश्चित उल्लेख सामान्यतः बाबराच्या आत्मचरित्रातील मानला जातो. सिंधच्या शाह हसनला गंजिफा (जुन्या पद्धतीचे पत्ते) पाठविल्याची ही नोंद १५२७ ची आहे. आईन-इ-अकबरीत बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे एकूण १४४ पानांच्या जोडाचे वर्णन येते. पुढे रूढ झालेला मोगली गंजिफा ८ रंगांचा व ९६ पानांचा, तर दशावतारी १० रंगांचा व १२० पानांचा. दशावतारी गंजिफाची गोल, हाताने रंगविलेली पाने सावंतवाडीत आजही तयार होतात. गंजिफा मूळचा येथलाच, असे मानणारा एक पक्ष आहे. तथापि मोगली जोडातील ताज, शमशेर, गुलाम, चंग ही फारसीतली रंगनामे पाहता तो इराणमार्गे आला, हे गंजिफाचे अभ्यासक रूडॉल्फ फॉन लायडेन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. आजच्या ५२ पानी जोडाचा वंश निराळा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील, इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातील चार रंगी पाने हा त्याचा पूर्वज असावा. तेथून युरोप आणि युरोपीयांमार्फत भारत, असा प्रवास बहुतेक अभ्यासक मान्य करतात. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक नाशकात रुळले ते बहुधा इंग्रजी अमलात.

निंदा मात्र पत्त्यांहून कितीतरी जुनी आहे. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तात (१०.३४) फाशांपायी घरदार गमावलेल्याचा विलाप आहे, तेथे प्रश्न पणाचा, म्हणजे डावावर लावलेल्या धनाचा आहे. कौटिल्याने द्यूत राजाच्या देखरेखीखाली चालू दिले आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्यास सांगितले. याज्ञवल्क्याचाही कल नियमनाकडे आहे. मनूने मात्र शहाण्याने द्यूत ‘हास्यार्थमपि’, म्हणजे गमतीखातरसुद्धा, खेळू नये असे बजावले (९.२२७). निरुपद्रवी खेळाला दूषण देणाऱ्या लोकमताचे मूळ या ‘अपि’त शोधणे अतिशयोक्तीचे ठरू नये. उलट बाजूने, कोजागरीच्या रात्री अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ, करावी असे व्रतग्रंथच सांगतात आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे दुसरे नाव आहे. नाशकात कोजागरीला गच्चीवर आटीव दुधासोबत डाव रंगतो, त्यात घरातली वडीलधारी मंडळीही बसतात. आठवड्याने त्याच जोडाला हात लावला की ‘पत्ते कुटत बसलाय’ हे ऐकावे लागते.

कायद्याने ही गल्लत केलेली नाही. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा जुगाराचे अड्डे व सार्वजनिक जागी चालणारा जुगार यांविरुद्ध आहे आणि त्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण (१९६८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात. तीन पत्ती या खेळाला ही सवलत दिली नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना कौशल्य व नशीब हा भेदही बाजूला ठेवला. पैसा नसलेल्या डावाला यांपैकी कशाचीच आडकाठी नाही.

प्रत्यक्षात बोल लागतो तो पणावरून नव्हे, तर जागा, वेळ आणि खेळणारा कोण यांवरून. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे पासधारक गुडघ्यांवर बॅग आडवी टाकून पाने वाटतात, त्याला वेळ घालवणे म्हणतात. तोच मेंढीकोट गोदाघाटावर जुन्या चादरीवर मांडणारे पेन्शनर रिकामटेकडे ठरतात. वस्तुतः चौघांच्या या डावात समोरासमोरचे दोघे भिडू असतात. प्रत्येकी तेरा पाने, बंद हुकूम (झाकून ठेवलेला, इतरांवर मात करणारा रंग), आणि चारही दश्श्या (दहाची पाने) ओढल्या तर कोट, म्हणजे पूर्ण जीत. कोणती दश्शी कुणाकडे अडकली आहे याचा अंदाज बांधत, भिडूला तोंडाने काही न सांगता खेळावे लागते. बुद्धिबळातल्या अशाच एकाग्रतेचे कौतुक होते, येथे ती नाद ठरते, हा भेदभाव समर्थनीय नाही. खेड्यांत गणेशोत्सवाच्या जागरणात डाव चालतो. तेथे पैसे लावले जातात तेव्हा पोलिसांची कारवाई होते आणि बदनामी बिनपैशांचे खेळणाऱ्यांच्याही वाट्याला येते.

स्थळाची चौकशी करताना ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही’ अशी ग्वाही दिली जाते, त्या यादीत पत्त्यांचाही समावेश असतो. मुलग्याच्या बाबतीत ‘लग्नानंतर सुटेल’ अशी सवलत मिळते, ती मुलीला नाही. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घालणाऱ्या, उन्हाळ्यात माजघरात सारीपाट मांडणाऱ्या बायकांना कुणी बोलत नाही. पण दुपारी चौघी जणी रमीला बसल्या तर संसाराकडे दुर्लक्ष होते असा शेरा मिळतो. त्यामुळे त्यांचा डाव बहुधा दार लोटूनच चालतो, आणि बेल वाजली की आधी पाने उचलली जातात.