तासन्‌तास साठवायचं, दहा सेकंदांत उडवायचं: न्यूट्रॉन ताऱ्यांवरचे एक्स-रे बर्स्ट

आकाशातला स्फोट म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात सुपरनोव्हाच येतो, तारा फुटला आणि खेळ खल्लास. पण असेही स्फोट आहेत ज्यात फुटत काहीच नाही, तारा जागच्या जागी धडधाकट असतो आणि काही तासांनी परत तोच प्रकार. हे एक्स-रे बर्स्ट. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर होतात, पण एकट्याने जगणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं हे काम नाही, त्याला जोडीदार लागतो.

न्यूट्रॉन तारा म्हणजे एखाद्या मोठ्या ताऱ्याचा मेल्यावर उरलेला गाभा. वजन सूर्याच्या साधारण दीडपट आणि व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर, त्यामुळे पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १० हजार कोटी पटींहून जास्त. याच्याभोवती एखादा साधा, बहुतेक वेळा सूर्यापेक्षा हलका तारा अगदी जवळून फिरत असेल तर त्याचा वायू हळूहळू ओढला जातो, पण तो सरळ येऊन पडत नाही, आधी तबकडीसारखा गोल गोल फिरत राहतो, घासतो, तापतो, आणि शेवटी प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने ताऱ्यावर आदळतो. या सगळ्यातून एक्स-रे निघतात आणि ते कायम चालूच असतात.

आता गंमत बघा. नुसतं पडण्यातून जी ऊर्जा मिळते ती त्याच मालाच्या अणुज्वलनातून (अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळण्यातून) मिळणाऱ्या ऊर्जेच्या ४० ते १०० पट असते! म्हणजे आलेला हायड्रोजन-हेलियम आल्या आल्या जळून गेला असता तर त्याचा उजेड बाकीच्या झगमगाटात आपल्याला वेगळा कळलाही नसता. तो कळतो कारण तो साठतो. थेंबे थेंबे तळे साचे, आणि मग अख्खं तळं एका दमात रिकामं.

साठायचा वेग पण ऐकण्यासारखा आहे, जोरात माल खाणाऱ्या ताऱ्यावर सेकंदाला १० हजार कोटी टनांच्या आसपास वायू पडतो. तीनेक तासांत साधारण १०० किलोमीटर रुंदीच्या लघुग्रहाइतका माल जमा होतो, आणि तरी तो एवढा दाबला जातो की थर होतो फक्त काही मीटर जाडीचा. यातला हायड्रोजन बऱ्याचदा बिनबोभाट जळत राहतो, खरी गडबड तळाच्या हेलियमची. तीन हेलियम एकत्र येऊन एक कार्बन बनतो, पण ही प्रक्रिया तापमानाच्या बाबतीत भलतीच हळवी आहे, तापमान १० टक्क्यांनी वाढलं की वेग कित्येक पटींनी वाढतो. सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यात जास्त उष्णता झाली की गाभा फुगतो, थंड होतो आणि ज्वलन आपोआप आवरतं. इथे तशी सोय नाही. थर इतका पातळ आहे की तो दुप्पट फुगला तरी वरच्या मालाचं वजन तेवढंच राहतं, दाब कमी होत नाही, तापमान वाढतच जातं आणि मग ज्वलनाला कोणीच आवरू शकत नाही.

पुढचं सगळं सेकंदांत होतं. एखाद्या सेकंदात किंवा थोड्या जास्त वेळात पृष्ठभाग २ ते ३ कोटी अंशांपर्यंत तापतो, चमक सूर्याच्या ५० हजार ते १ लाख पट होते, आणि मग दहा-वीस सेकंद ते एखाद मिनिट थंड होत होत परत पहिल्यासारखं. काही बर्स्टमध्ये तर प्रकाशाचाच रेटा एवढा होतो की वरचा थर उचलला जातो. त्या क्षणी चमक एका ठरावीक कमाल मर्यादेला टेकलेली असते, म्हणून ती किती मंद दिसते यावरून ताऱ्याचं अंतर काढता येतं. मला तर या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच वाटते.

हे पहिल्यांदा ओळखलं गेलं १९७५ मध्ये, एएनएस नावाच्या डच उपग्रहाच्या निरीक्षणांतून, जोनाथन ग्रिंडले आणि जॉन हाइजे यांच्या टीमने. स्रोत होता धनू राशीतल्या एनजीसी ६६२४ या गोलाकार तारकागुच्छातला ४यू १८२०-३०. साधारण त्याच वेळी अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडलेल्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांच्या डेटातही असे बर्स्ट सापडले. या ४यू १८२०-३० मधली जोडी एकमेकांभोवती फक्त ११ मिनिटांत फेरी मारते, दोघांमधली जागा एवढी कमी की साधा तारा तिथे मावणारच नाही, जोडीदार आहे हेलियमने भरलेला श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा मागे उरलेला छोटा, घट्ट गाभा.

१९७६ मध्ये 'रॅपिड बर्स्टर' सापडला आणि जरा घोळ झाला, कारण तो कधीकधी काही सेकंदांच्या अंतराने बर्स्ट करतो, आणि एवढ्यात इंधन साठणं शक्यच नाही. ते बर्स्ट वेगळ्या जातीचे निघाले, तिथे तबकडीतला माल अडकून धपाधप पडतो, अणुज्वलनाचा संबंध नाही. मग अणुज्वलनाचे ते टाइप १ आणि हे टाइप २ असे दोन गट पडले. उलट टोकाला सुपरबर्स्ट, खोलवर साठलेला कार्बन पेटतो, तासन्‌तास चालतो आणि नेहमीच्या बर्स्टच्या साधारण हजारपट ऊर्जा सोडतो.

१९९६ मध्ये आरएक्सटीई उपग्रहाने ४यू १७२८-३४ च्या बर्स्टमध्ये सेकंदाला ३६३ वेळा होणारी लुकलुक पकडली. आग सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी लागत नाही, एका जागी लागून पसरते, आणि तारा फिरतो तसा तो गरम डाग समोर येतो-जातो, म्हणजे हा तारा स्वतःभोवती सेकंदाला ३६३ वेळा फिरतो. ४यू १६०८-५२ मध्ये हाच आकडा ६२० आहे, विचार करा, २०-२५ किलोमीटरचा गोळा सेकंदाला ६२० फेऱ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावरच्या नाइसर दुर्बिणीला सॅक्स जे१८०८.४-३६५८ कडून एक जबरदस्त बर्स्ट दिसला, सूर्याला जवळपास १० दिवस लागतात तेवढी ऊर्जा त्याने २० सेकंदांत सोडली.

टाइप १ बर्स्ट दिसला की एक गोष्ट पक्की, तिथे पृष्ठभाग आहे. माल साठायला काहीतरी टणक लागतं आणि कृष्णविवराला ते नसतं, आत गेलं ते गेलं. म्हणूनच वजनावरून कृष्णविवर ठरलेल्या जोड्यांमध्ये असे बर्स्ट दिसत नाहीत. जीएस १८२६-२४ चं उदाहरण घ्या. १९८८ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला हा सापडला तेव्हा त्याच्या चमकेची लुकलुक बघून हे कृष्णविवर असावं असा अंदाज होता. मग १९९७ पासून बेप्पोसॅक्स उपग्रहाला त्याच्यातून बर्स्टवर बर्स्ट दिसायला लागले आणि तो वाद तिथेच मिटला. वर हा पठ्ठ्या इतका नियमित की साधारण पावणेसहा तासांनी एक बर्स्ट ठरलेला, आणि पुढच्या काही वर्षांत पडणारा माल वाढला तसं हे अंतर चार तासांच्या आसपास आलं, इंधन लवकर साठलं तर बर्स्टही लवकर, अगदी गणित सांगतं तसंच.